स्तोत्रांतील जुन्या न्यायदंडाच्या खुणा कशा ओळखाव्यात

सोलापुरात रविवारच्या उपासनेनंतर आमच्यापैकी काही जण बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या अभ्यासासाठी थांबतात, आणि कवीने नाव घेतलेले नसताना तो देवाने पूर्वी केलेल्या न्यायदंडाविषयी, म्हणजे शिक्षेविषयी, उदाहरणार्थ अग्नीने नष्ट झालेल्या सदोम नगराविषयी किंवा मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाविषयी बोलतो आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न तिथे हमखास निघतो. त्यासाठी वही, पेन्सिल आणि शक्यतो दोन मराठी भाषांतरे जवळ असावीत. पंडिता रमाबाईंचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले असल्याने पडताळ्याला उपयोगी पडते.

स्तोत्र ८३ मध्ये सीसरा, याबीन, ओरेब अशी इस्राएलाच्या शत्रूंची नावे उघडच येतात, त्यामुळे तिथे त्यांची कथा सांगणारे शास्ते हे पुस्तक उघडले की काम भागते. खरी मेहनत नावे नसलेल्या ओळींत आहे.

स्तोत्र ११:६ घ्या. दुर्जनांवर अग्नी आणि गंधक यांचा वर्षाव होईल, असे कवी म्हणतो. आता उत्पत्ती १९:२४ शेजारी ठेवून दोन्हीकडे सामाईक असलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी: अग्नी, गंधक आणि पावसासारखे ‘वर्षणे’. नुसता अग्नी बायबलमध्ये पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून तेवढ्यावरून सदोम गृहीत धरू नये. एकाच वृत्तान्तातल्या दोन-तीन खुणा एकत्र आल्या तरच संबंध मानावा. मग उरलेले शब्द पाहावेत. या ओळीतला दाहक वारा उत्पत्तीच्या वृत्तान्तात नाही, तो कवीने घातला आहे. (मे महिन्यात दुपारी बाहेर पडणाऱ्या सोलापूरकराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.) एका नगराच्या नाशाची जुनी कथा त्यामुळे ऐकणाऱ्याच्या अंगाला झोंबणारी होते.

स्तोत्र ५५ अधिक गुंतागुंतीचे आहे आणि माझ्या मते अधिक सुंदरही. नवव्या ओवीत शत्रूंच्या भाषेत फूट पाडण्याची विनंती आहे, तिथे बाबेल, म्हणजे देवाने माणसांच्या भाषेत गोंधळ घातल्याची उत्पत्तीतली कथा, आठवते. पंधराव्या ओवीत ते जिवंतपणी अधोलोकात उतरोत, असे म्हटले आहे. ‘जिवंत’ आणि ‘अधोलोक’ ही जोडी गणना १६ मध्ये कोरहाच्या साथीदारांना भूमीने गिळले त्या प्रसंगाची आहे. नवव्या ओवीतल्या हिब्रू क्रियापदाला ‘गिळणे’ हाही अर्थ आहे, हे लक्षात घेतले की दोन्ही ओव्या एकमेकींना धरून आहेत असे दिसते. एवढ्यावर न थांबता, कवीने हीच कथा का निवडली, असे विचारावे. उत्तर मधल्या ओव्यांत, १२ ते १४ मध्ये आहे: दगा परक्याने दिलेला नाही, बरोबर देवाच्या घरी जाणाऱ्या जिवलगाने दिला आहे. कोरहसुद्धा परका नव्हता. निर्गम ६ मधील वंशावळीप्रमाणे तो मोशेचा चुलतभाऊ होता.

स्तोत्रात मूळ कथेतला क्रम बदललेला दिसला, तर ती चूक समजू नये. निर्गमात मिसर देशावर आलेल्या पीडांपैकी नववी, म्हणजे अंधार, स्तोत्र १०५ मध्ये सर्वांत आधी येते, तर स्तोत्र ७८ मध्ये ती मुळीच नाही.

सरावासाठी स्तोत्र २९:१० घ्यावे. तिथला जलप्रलयाचा (नोहाच्या काळच्या पुराचा) हिब्रू शब्द उत्पत्तीबाहेर फक्त त्याच ओवीत आढळतो. आपल्या भाषांतराने दोन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द ठेवला आहे का, हे आधी पाहावे.