हेडलाइट घरी घासणार असाल तर आधी या चुका टाळा

डिसेंबरात कोरेगावहून रहिमतपूर रस्त्यानं रात्री येत होतो आणि पुढं उसाची डबल ट्रॉली. मागं रेडियम नाही, टेललॅम्प नाही, आणि मला ती दिसली तेव्हा ब्रेक मारायला जेमतेम जागा होती. पोरं मागं झोपलेली. बल्ब नवा टाकून महिनाही झाला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर काच पिवळी, दुधाळ, मोतीबिंदू झाल्यासारखी. गाडी २०१२ ची वॅगनआर, साताऱ्यात आमच्या बिल्डिंगसमोर दुपारभर तोंड पश्चिमेला करून उन्हात उभी. तेव्हापासून घरची, दाजींची, शेजाऱ्यांची मिळून बऱ्याच गाड्यांचे हेडलाइट केलेत, आणि जिथं बिघडलं ते सगळं इथं सांगतोय कारण कारखान्यांत उसाचं गाळप चालू झालं की आपल्याकडं रात्रीचा रस्ता म्हणजे खरंच जिवाशी खेळ असतो.

आपण काच म्हणतो पण ती काच नाहीच, पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे. ॲम्बेसेडर, पद्मिनीला खरी काच असायची, ती पिवळी पडत नव्हती. या प्लास्टिकवर कंपनी एक पातळ कडक कोट देते, तो उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो. काही वर्षांनी कोटच मरतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. म्हणजे पिवळेपणा काढणं हे अर्धंच काम, गेलेला कोट परत देणं हे उरलेलं अर्धं, आणि बहुतेक लोक पिवळेपणा काढून तिथंच थांबतात.

टूथपेस्टचंच घ्या. लावली, घासली, धुतली, फरक दिसतो, खोटं नाही. पण ती फक्त वरचा थर थोडा खरवडते, कोट काही देत नाही, त्यामुळं थोड्या दिवसात पहिल्यासारखं. त्यापेक्षा वाईट म्हणजे पेट्रोल, थिनर किंवा अंगाला लावायचा मच्छरांचा स्प्रे. पुसल्यावर क्षणभर चकचकीत दिसतं कारण प्लास्टिकचा वरचा भाग विरघळलेला असतो. दाजींनी पेट्रोलनं पुसले होते, नंतर आत केसासारख्या बारीक चिरा दिसायला लागल्या, त्या कितीही घासा, जात नाहीत. शेवटी हेडलाइटच बदलावा लागला.

घासायच्या आधी एक टेस्ट करा, फुकट आहे. काचेवर पाणी मारा. ओली असताना एकदम स्वच्छ दिसली तर खराबी वरवरची आहे, काम होणार. ओली असूनही धुरकट दिसली तर खराबी आतून आहे किंवा चिरा आहेत, बाहेरून घासून हात दुखवून घेऊ नका.

आता घासणं. मास्किंग टेप आधी, आणि दोन थर, कारण हात घसरला की बंपरचा रंग गेला. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) ८०० नंबरनं चालू करा, मग १०००, १५००, २०००; नंबर मोठा तितका पेपर बारीक. मधला नंबर गाळू नका, ८०० चे ओरखडे २००० नं जात नाहीत, वरून गुळगुळीत लागतं पण रात्री बल्ब लावला की सगळे दिसतात. पेपर पाण्यात भिजवून ठेवा, बाटलीनं पाणी सोडत राहा, कोरडं घासलं की प्लास्टिक तापतं आणि खोल रेघा पडतात. एका नंबरला आडवं घासलं तर पुढच्याला उभं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का ते कळतं. सुरुवातीला पाणी पिवळं येईल, ते पांढरं दुधाळ व्हायला लागलं की समजा जुना कोट निघाला. कडेला आणि कोपऱ्यात कोट राहतोच राहतो, तिथं पुसून, सुकवून बोटानं बघा, नाहीतर नंतर नकाशासारखी कड दिसते. या टप्प्यावर काच आधीपेक्षा जास्त पांढरी दिसते, माणूस घाबरतो. घाबरू नका.

माझी सगळ्यात मोठी चूक पुढं झाली. मी रबिंग कंपाउंडनं, म्हणजे पॉलिशच्या पेस्टनं, काच मस्त चमकवली आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारला. तीन महिन्यात पापुद्रे. कंपाउंडचं तेल राहतं आणि गुळगुळीत जागेला कोट धरतच नाही. स्प्रेनं कोट मारणार असाल तर २००० ला थांबा, चमक कोटच देतो. पुसून लावायचं युव्ही (अतिनील किरण अडवणारं) कोटिंग वापरणार असाल तर त्या किटवर लिहिलंय तसं करा, बहुतेकांत ३००० पर्यंत जावं लागतं. कोटच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि नंतर बोट लावू नका, बोटाचं तेल तिथं कायमचं बसतं.

कोट पण साधा लॅकर नको, हार्डवेअरच्या दुकानातला तो स्वतःच पिवळा पडतो. टू-के म्हणजे हार्डनरवाला (कोट कडक करणारं रसायन मिसळलेला), युव्ही प्रोटेक्शन लिहिलेला घ्या. त्याच्यात आयसोसायनेट असतं, फुफ्फुसाला फार वाईट, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, गॅस फिल्टरवाला मास्क लावा, मोकळ्या जागेत मारा, पोरं लांब. एकदम जाड मारलं की ओघळ येतात, त्यापेक्षा पातळ दोन-तीन हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. मे महिन्याच्या भर दुपारी तापलेल्या काचेवर मारू नका, संत्र्याच्या सालीसारखं होतं, आणि आपल्या जुलैच्या ओल्या हवेत तर कोट दुधाळ होतो. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ सगळ्यात बेस्ट. २४ तास पाणी नको.

आतून वाफ धरत असेल तर ते वेगळं दुखणं. धुतल्यावर थोडी वाफ येऊन लाइट लावल्यावर जात असेल तर ठीक. पाणीच साचत असेल तर मागची रबरी टोपी बघा, बल्ब बदलताना ती नीट बसवलेली नसते. हवेचं भोक सिलिकॉननं बुजवू नका, मग आतली वाफ आतच राहते.

आणि उजेड कमी म्हणून १०० वॅटचा बल्ब टाकू नका, ६०/५५ वॅटच्या (हाय/लो बीम) बल्बची जागा आहे, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळा पडतो.

काम झाल्यावर रात्री सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून लो बीम बघा. उजेडाची रेघ उजवीकडं सपाट आणि डावीकडं थोडी चढलेली पाहिजे. दोन्ही हेडलाइटच्या रेघांची उंची एकमेकांपेक्षा वेगळी असली तर बल्ब खाचेत बसलाय का ते बघून मागचा स्क्रू फिरवा, कारण आता काच स्वच्छ आहे आणि चुकीचा बीम समोरच्याच्या डोळ्यात थेट जातो.