बेळगावहून ऑस्ट्रेलियाला येऊ पाहणाऱ्या पायलटांनो, आधी कागद नीट करा

बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमान चालवायला शिकवू लागल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मला इथं ऑस्ट्रेलियात येणाऱ्या फोनांत एक प्रश्न ठरलेला असतो : "अण्णा, स्किल असेसमेंट झालं की तिकडं उडवायला मिळतंय नव्हं?" नाही मिळत. घरचे जमिनीवर कर्ज काढायच्या आधी एवढं डोक्यात पक्कं बसलं, तर बाकीचं सोपं जातं.

घोटाळा होण्याचं कारण असं, की पायलटांचं असेसमेंट इथली सिव्हिल एव्हिएशन सेफ्टी ऑथॉरिटी, म्हणजे कासा करते आणि लायसन्सही कासाच देते. एकाच ऑफिसातली दोन टेबलं समजा. पहिल्या टेबलावर तुमचं भारतातलं लायसन्स आणि अनुभव कागदावर तपासून ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याला दाखवायचं पत्र मिळतं. त्या पत्राचा उपयोग फक्त व्हिसासाठी. ऑस्ट्रेलियात नोंदलेलं विमान त्या पत्रावर एक फूटही उचलता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या टेबलावर जावं लागतं, त्याचं पुढं सांगतो.

व्हिसाचं थोडक्यात. १८९, १९० आणि ४९१ हे पॉइंटवाले व्हिसा, म्हणजे वय, इंग्रजी अशा गोष्टींचे पॉइंट मोजून मिळणारे. वय ४५ च्या आत हवं, किमान ६५ पॉइंट हवेत आणि व्हिसाला अर्ज करायचं निमंत्रण येतं त्या दिवशी असेसमेंट हातात हवं. ते साधारण तीन वर्षं चालतं, म्हणून फार लवकर करून कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. एरोप्लेन पायलटचा कोड २३११११. हा व्यवसाय कुठल्या व्हिसाच्या यादीत आहे ते सरकार अधूनमधून बदलतं, तेव्हा फी भरायच्या दिवशी गृहखात्याची साइट स्वतः उघडून बघा. आणखी एक : लायसन्सवर इंग्रजीची लेव्हल ४ किंवा ५ लिहिलेली असते, ती व्हिसाला चालत नाही. आयईएल्टीएस किंवा पीटीई ही इंग्रजीची परीक्षा वेगळी द्यावी लागते. आयईएल्टीएसला चारही भागांत ६ आले तर दार उघडतं पण पॉइंट शून्य, ७ ला १० आणि ८ ला २० पॉइंट. मराठी मीडियमच्या पोरांनी याला घाबरायचं काही कारण नाही, पण तयारी हवी.

आता कागद. आपल्या भागातल्या लोकांचं खरं अडतं ते इथंच.

कर्नाटकाच्या एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर नाव बहुतेकदा इनिशियलसकट असतं, 'पाटील संतोष एम.' अशा थाटाचं. डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान खात्याच्या, लायसन्सवर बापाचं नाव पूर्ण. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. आपल्याला तिन्ही एकच दिसतात, पण फाइल तपासणाऱ्याला ती तीन माणसं वाटतात. निघायच्या आधी एकाच नावावर या. जिथं बदल होणं शक्य नाही तिथं ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा. जन्मगावाचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळं जन्मदाखल्यावर एक आणि नव्या पासपोर्टवर दुसरं असं सर्रास असतं. सीमाप्रश्नाचा इतिहास त्या अधिकाऱ्याला सांगत बसू नका, दोन ओळींचं खुलासापत्र जोडा.

जुना जन्मदाखला किंवा पंचायतीचा उतारा नुसता कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं. भारतात करून घेतलंत तर भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि पात्रता त्यावर लिहून घ्या. इथं आल्यावर करायचं ठरवलंत तर नाटी या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या इथल्या संस्थेचा मान्यताप्राप्त भाषांतरकार लागतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये.

मग लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या तासांची वही. प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानावर बरोबर गेलीय का, खाडाखोडीवर सही आहे का, पीआयसी (स्वतः कमांडर म्हणून), ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबर), को-पायलट, रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे तास असे रकाने वेगळे निघतात का, हे दोन संध्याकाळी बसून तपासा. ई-जीसीए या डीजीसीएच्या साइटवरचे आकडे आणि वहीतले आकडे जुळले पाहिजेत. फ्लाइंग स्कूलचे चीफ इन्स्ट्रक्टर बदलतात आणि स्कूलंही बंद पडतात. सही करणारा माणूस जागेवर आहे तोवरच प्रमाणित प्रती काढून घ्या. तुमच्या लायसन्सची खातरजमा कासा डीजीसीएकडून करून घेते. त्या पत्राला वेळ लागतो, आणि तो वेळ ना तुमच्या हातात ना कासाच्या. म्हणून डीजीसीएच्या नोंदीतला पत्ता, ईमेल आणि मेडिकल चालू ठेवा.

एअरलाइनमध्ये असाल तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणं कमांडरला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस आहे. व्हिसा आल्यावर राजीनामा द्यायचा बेत असेल तर हे आधी मोजा.

एजंटांबद्दल माझं मत कडक आहे. ऑस्ट्रेलियात इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील असावं लागतं, आणि एजंटाचा नोंदणी नंबर ऑनलाइन तपासता येतो. बेळगावातल्या कन्सल्टन्सीवर हा कायदा चालत नाही. "असेसमेंट प्लस जॉब गॅरंटी" असा बोर्ड दिसला तर चहा पिऊन परत या.

इथं पोहोचल्यावर दुसरं टेबल. आधी कासाचा एआरएन, म्हणजे तिथल्या फाइलीसाठीचा तुमचा ओळख नंबर. मग कासाच्या मान्य डॉक्टरकडं क्लास १ मेडिकल. बेंगळूरच्या आयएएम या वायुदलाच्या वैद्यकीय संस्थेचं मेडिकल दाखवून भागत नाही. सिक्युरिटी चेक वेगळा. हवाई कायदा आणि ह्यूमन फॅक्टर्स यांवर परीक्षा, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची आणखी, आणि शेवटी फ्लाइट टेस्ट.

टेस्टमध्ये आपली पोरं विमान चालवण्यात कमी पडत नाहीत, रेडिओवर अडखळतात. सांबऱ्याला टॉवर सांगतो आणि आपण तेच परत बोलून दाखवतो. इथल्या बहुतेक धावपट्ट्यांना टॉवरच नाही. सीटीएएफ, म्हणजे पायलटांनी आपसात बोलायच्या फ्रिक्वेन्सीवर, वेगळी दिलेली नसेल तर १२६.७ वर, तुम्हीच सांगायचं : गावाचं नाव आणि 'ट्रॅफिक', मग विमानाचा प्रकार आणि कॉलसाइन (रेडिओवरचं नाव), कुठं आहे, किती उंचीवर, काय करणार, आणि शेवटी परत गावाचं नाव. उत्तर येईलच असं नाही. उत्तर नाही म्हणजे कोणी नाही असंही नाही, म्हणून मान फिरवून बाहेर बघत राहायचं. परवानगीची वाट बघायची सवय मोडायला वेळ लागतो. आल्या आल्या एखाद्या फ्लाइंग क्लबात बसून नुसतं ऐका. आणि दारूची मर्यादा ०.०२ आहे, कधीही टेस्ट होते. रात्रीच्या पार्टीनंतर सकाळची फ्लाइट घेऊ नका.

नोकरीचं स्पष्ट बोलतो. नुसते २०० तास घेऊन या देशात येऊ नका. आधी भारतातच इन्स्ट्रक्टर व्हा, चार्टर करा, कमांडचे तास जमवा. इथंही सुरुवात सिडनीच्या एअरलाइनमध्ये होत नाही. ती होते उत्तरेला डार्विन, ब्रूम, कुनुनुराकडं, सेसना २०६ किंवा २१० या लहान विमानांवर, टपाल आणि पर्यटक नेत. कुनुनुराहून बंगल बंगल डोंगरांवर फेऱ्या चालतात. पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणून भरती कोरडा हंगाम उघडायच्या सुमारास होते. तेव्हा ईमेल पाठवून भागत नाही, हँगरच्या दारात उभं राहावं लागतं. डार्विन ते कुनुनुरा आठशेहून जास्त किलोमीटर, बेळगाव-बेंगळूर पाचशेच्या आसपास. गाडी लागतेच. महाराष्ट्र मंडळ, गणपती, पुरणपोळ्या हे सगळं सिडनी-मेलबर्नला. तिकडं नाही.

पगाराला एअर पायलट्स अवॉर्ड, म्हणजे किमान पगाराचे नियम, लागू होतो आणि पगारावर १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीचा फंड, मालकानं भरायचं असतं. "महिनाभर फुकट उडव, मग बघू" म्हणणारा भेटला तर फेअर वर्क या कामगारांचे हक्क बघणाऱ्या सरकारी संस्थेची साइट उघडा.

येताना आई कुंद्याचा डबा देणारच. भारतातले दुधाचे पदार्थ इथं आणू देत नाहीत. न सांगता आणलात तर दंड होतो. उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर खरं लिहा, मसाला-लोणचंसुद्धा.

कासाला घरून फोन करायचा असेल तर कॅनबेरातले सकाळचे नऊ म्हणजे बेळगावचे पहाटे साडेचार, आणि ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेतीन. त्यापेक्षा ईमेल करा, विषयात एआरएन घाला आणि एका ईमेलमध्ये एकच प्रश्न विचारा.