गुडघ्याचा एक्स-रे काढलात, पण दुखतं कशामुळे ते कसं शोधायचं?

कोकणात घर म्हटलं की पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आलीच, त्यात पावसात चिखलात वाकून लावणी, मग पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरले की जो तो सांगतो, "वंगण संपलं, फोटो काढून ये." काढा ना, पण आधी घरी एक काम करा. नेमकं कुठे दुखतं तिथे एका बोटाने दाबून बघा आणि कधी दुखतं ते कागदावर लिहा. पाखाडी उतरताना वाटीच्या मागे, की विळीवर नारळ खवून उठताना आतल्या बाजूला, की रात्री पडल्या पडल्या? हा कागद डॉक्टरला तपासणी लिहून द्यायच्या आधी दाखवायचा, नंतर नाही.

एक्स-रे उभं राहूनच काढायला सांगा. झोपवून काढला तर सांध्यावर वजन येत नाही आणि दोन हाडांमधला गॅप आहे त्यापेक्षा बरा दिसतो. उतरताना वाटीमागे दुखत असेल तर वाटीचा वेगळा स्कायलाइन व्ह्यू (गुडघा वाकवून काढलेला वाटीचा फोटो) लागतो का तेही विचारा.

रिपोर्टात ग्रेड ३ वगैरे असतं, ती केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ ची पद्धत, ० ते ४. हाडाला फुटलेले काटे आणि कमी झालेला गॅप बघून ग्रेड देतात, दुखणं मोजून नाही!! म्हणून ग्रेड ४ वाली काकू डोक्यावर माशांची पाटी घेऊन वाडीभर फिरते आणि ग्रेड २ वाल्या काकांना एसटीची पायरी चढवत नाही. एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, दिसतच नाही आणि तिला दुखण्याच्या नसाही नसतात, दुखतं ते बहुतेक आजूबाजूचं, म्हणजे सांध्याचं अस्तर सुजलेलं किंवा कूर्चेखालचं हाड त्रासलेलं.

अस्तराची सूज, साठलेलं पाणी, गुडघ्यामागची गाठ हे सोनोग्राफीत दिसतं, स्वस्तही पडतं, पण हाडाच्या आतलं त्यात कळत नाही. त्याला एमआरआय. त्या रिपोर्टात 'बोन मॅरो एडिमा' (हाडाच्या आतली सूज), 'सायनोव्हायटिस' (अस्तराची सूज) हे शब्द शोधा आणि तुमच्या कागदावरच्या जागेशी जुळतात का ते डॉक्टरला विचारा. 'मेनिस्कस टियर' (गुडघ्यातली गादी फाटणं) वाचून मात्र लगेच ऑपरेशनला धावू नका, उतारवयात काहीच दुखत नसलेल्यांच्या गुडघ्यातही तो कितीदा तरी सापडतो.

खरं तर वय ४५ च्या पुढे, चाललं की दुखतं आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटतो, एवढं असलं तर निदान बरेचदा फोटोशिवायही होतं, उगाच एमआरआयला हजारो घालवू नका. पण गुडघा अडकून बसला, पडल्यावर पाय टेकवत नाही किंवा ताप येऊन सांधा गरम लाल झाला तर त्याच दिवशी दाखवा. आणि गुडघ्याचा फोटो स्वच्छ असून दुखत असेल तर खुबा तपासून घ्या, खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं.

जुन्या फिल्म टाकू नका, तुलनेला लागतात. फक्त पावसाळ्यात पिशवीत एकमेकींना चिकटतात, तेव्हा मध्ये कोरडा कागद घाला किंवा सेंटरवाल्याकडून सीडी मागून घ्या.