फ्रान्समधल्या छोट्या कम्यूनचा भूगोल कसा समजून घ्यायचा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कम्यून म्हणजे फक्त चर्चभोवतीची घरं नाहीत, ते मुख्य गाव अधिक आजूबाजूच्या वाड्या, शेतं, जंगल, ओढे असं सगळं मिळून एक कम्यून होतं. १७८९ पासून कारभाराचा सगळ्यात खालचा घटक हाच, आणि देशात सुमारे ३५,००० कम्यून आहेत. आकारावर जाऊ नका, जिरोंद जिल्ह्यातलं कास्तेलमोरों-दाल्ब्रे चार हेक्टरही भरत नाही आणि आर्ल साडेसातशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. लोकसंख्येवर तर अजिबात जाऊ नका. वर्दंजवळची सहा गावं पहिल्या महायुद्धात पार उद्ध्वस्त झाली, आज तिथे कोणीच राहत नाही तरी कायद्याने ती कम्यून आहेतच, मला हे फार मोलाचं वाटतं.

नुसत्या नावावरून शोधू नका, सेंत-कोलोंब नावाची कम्यून बऱ्याच ठिकाणी सापडतील. इन्से म्हणजे फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेचा कोड घ्या, पाच आकडी असतो आणि पहिले दोन आकडे बहुतेक ठिकाणी देपार्तमाँचे म्हणजे जिल्ह्याचे. पोस्टाचा कोड वेगळा, तो बऱ्याचदा शेजारच्या चार-पाच गावांना एकच असतो.

आता आयजीएनचा, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा, १:२५,००० चा नकाशा ऑनलाइन उघडा, यात १ सेंटीमीटर म्हणजे २५० मीटर. गाव बघायची घाई करू नका, आधी कम्यूनची हद्द बोटाने फिरवून बघा, ती बऱ्याचदा ओढ्यावरून नाहीतर डोंगराच्या धारेवरून जाते. मग समोच्च रेषा बघा. त्या व्ही आकारात वळल्यात आणि व्हीचं टोक चढाकडे आहे तर ती घळ, टोक उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. रेषा दाटल्या की चढ खडा. एवढं जमलं की वाड्या कुठे बसल्यात ते बघा, पुराच्या पट्ट्यापासून किती वर आहेत, झरा जवळ आहे का, उतार दक्षिणेकडे आहे का. इथे वेळ घालवा, खरी मजा इथेच आहे.

रस्ते पटकन होतात, डी लिहिलेले जिल्ह्याचे. ते कुठल्या मोठ्या गावाकडे जातात ते बघितलं की बाजारहाट, शाळा कुठे असेल याचा साधारण अंदाज येतो.

शेवटी 'रमोंते ल तां' या आयजीएनच्याच साइटवर १९५०-६५ चे हवाई फोटो आजच्या फोटोंशेजारी लावा. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीतलं कम्यून असेल तर बांधावरच्या झाडीने वेढलेली बारकी शेतं जमीन एकत्रीकरणात कशी मोठी झाली आणि ती झाडी कुठे कुठे गेली, ते शेतागणिक दिसतं.