ईस्टा मंजूर आहे, पण विमान कोणाचं?

खासगी विमानांच्या ट्रिप सपोर्टमध्ये, म्हणजे फेरीची सगळी व्यवस्था लावून देण्याच्या कामात, नवीन असाल तर परमिट, स्लॉट (विमानतळावर उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ), हँडलिंग (विमानतळावरची सेवा) हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. अमेरिकेच्या फेरीत गोची होते ती प्रवाशांच्या व्हिसावर. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच, तिथे कोणी फसत नाही. फसवतात ते जर्मन, जपानी, ब्रिटिश पासपोर्ट.

या देशांचे नागरिक ईस्टा (अमेरिकेची ऑनलाइन प्रवास-मंजुरी) काढून व्हिसा वेव्हरखाली, म्हणजे व्हिसाशिवाय, ९० दिवसांपर्यंत जातात. पण हवाई मार्गाने जाताना ही सवलत 'सिग्नेटरी कॅरियर'च्या विमानातून आलं तरच मिळते, म्हणजे ज्या ऑपरेटरने अमेरिकी सरकारशी तसा करार केलाय त्याच्याच विमानातून. मोठ्या एअरलाइन्सचा करार असतो. मालकाच्या स्वतःच्या जेटचा सहसा नसतो. ईस्टा माणसाला मंजूर होतो, विमानाला नाही. तोच माणूस तोच ईस्टा घेऊन एअरलाइनने गेला तर बिनदिक्कत आत, आणि मित्राच्या जेटने गेला तर त्याला बी-१/बी-२ (व्यवसाय-पर्यटन) व्हिसा हवा. हे दोनदा वाचा. प्रवासी मोबाइलवर 'मंजूर' दाखवतो आणि आपण मान डोलावतो, चूक तिथेच होते.

चार्टर असेल तर करार ऑपरेटरचा लागतो, ब्रोकरचा नाही. ब्रोकर म्हणेल, "सगळं ओके आहे." त्याच्या ओकेला काडीची किंमत देऊ नका, ऑपरेटरकडून लेखी घ्या. आणि आयत्या वेळी विमान नादुरुस्त झालं, दुसऱ्या ऑपरेटरचं आणलं, तर टेल नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) बदलताच हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारा. सकाळी चालणारे प्रवासी संध्याकाळी चालेनासे होतात ते असे.

दुसरा गैरसमज ईएपीआयएसचा, म्हणजे प्रवाशांची माहिती अमेरिकेला आगाऊ कळवण्याच्या ऑनलाइन यंत्रणेचा. प्रवासी आणि क्रूचं मॅनिफेस्ट (यादी) उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी पाठवायचं, अमेरिकेत येतानाही आणि तिथून निघतानाही. सीबीपीचा (अमेरिकेच्या सीमा व कस्टम्स खात्याचा) क्लिअरन्सचा मेल आल्याशिवाय निघायचं नाही. नंतर एक जरी प्रवासी वाढला तरी मॅनिफेस्ट पुन्हा पाठवा, नवा क्लिअरन्स घ्या. पण हा मेल म्हणजे उड्डाणाला हिरवा कंदील. व्हिसा तपासून पास केल्याची पावती नव्हे. प्रवेश द्यायचा की नाही हे समोरचा अधिकारी उतरल्यावर ठरवतो. आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर खासगी विमानांची ही अमेरिकी तपासणी अमेरिकेला निघण्याआधीच होते. नियम तेच, पण अडलात तर निदान समुद्राच्या अलीकडे अडता.

व्हिसाशिवाय उतरवलं तर परत पाठवणी, वर ऑपरेटरला दंड. अधिकारी क्वचित व्हिसाची अट माफ करतो. ती त्याची मर्जी, आपला प्लॅन बी नव्हे. "आमचं नेहमी जातं" म्हणणारे सीनियर भेटतीलच. त्यांच्याकडून स्लॉट मिळवायला शिका, व्हिसा नको.

घाबरून जाऊ नका, काम अवघड नाही. कोटेशन देण्याआधी तीन गोष्टी मागवा: प्रत्येकाचा पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि ऑपरेटरचं नाव. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधी कधी महिन्यांनी मिळते, म्हणून ही चौकशी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. कॅनडाच्या नागरिकांना पर्यटनासाठी सहसा व्हिसा लागत नाही, तिथे उगाच धावपळ नको. आणि वैध व्हिसा जुन्या, संपलेल्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत घ्यायला सांगा. जुना घरच्या कपाटात राहतो.