फ्रिहिलियाना पायी बघायचं तर आधी कोपरे बघा

म्हापशात माझं चुन्याचं आणि रंगाचं दुकान होतं. त्यामुळे दक्षिण स्पेनमधल्या त्या पांढऱ्याशुभ्र डोंगरी गावात बाकीचे फोटो काढत होते, तेव्हा मी भिंतींचे कोपरे चाचपत होतो. तुम्हीही तेच करा. चुन्यावर चुना चढत गेला की कोपरा वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, गोल होतो. कोपरा धारदार दिसला की भिंत तरी नवी किंवा रंग तरी डब्यातला. मात्र ताज्या चुन्याला टेकू नका. चवथीआधी घराला चुना काढलेल्यांना हे सांगायला नको. माझ्या काळ्या पँटीची पाठ दिवसभर पांढरी होती.

गाव मालागा प्रांतात आहे. समुद्रकाठच्या नेर्हाहून वर सहाएक किलोमीटर, बस जाते. सकाळीच पोचा. दुपारी दोननंतर दुकानं बंद होतात. दुपारची झोप आपल्याला काही नवीन नाही, पण तिथे पाच वाजेपर्यंत सावली शोधत फिरावं लागतं.

चपला नकोत. पायऱ्यांवर गोटे उभे रोवून नक्षी केली आहे, दिसते छान, पण पावलांनी घासून काचेसारखी झाली आहे. आमची ही दुसऱ्याच वळणावर घसरली. जायच्या आधी पंधरा दिवस पणजीच्या चर्चच्या पायऱ्या आणि आल्तिनोचा चढ रोज केला असता, तर गुडघे इतके बोलले नसते.

मुख्य रस्ता काये रेआल. त्यावर खरेदीत अडकू नका, वरच्या अंगाला फुटणाऱ्या पायऱ्यांनी बारिबार्तो या जुन्या वस्तीत शिरा. वाट चुकली तरी चालेल, उतरत गेलात की पुन्हा खालच्या रस्त्याला लागता.

वस्तीत भिंतींवर फरशीचे बारा फलक आहेत. ते क्रमाने शोधणं हीच खरी फेरी. मजकूर स्पॅनिश; मोबाइलवर भाषांतर करत वाचा, पण वाचाच. ही मोरिस्कोंची, म्हणजे ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांची कहाणी आहे. १५६७ मध्ये राजा दुसरा फेलिपे याने त्यांची अरबी भाषा आणि पेहराव यांवर बंदी घातली. पुढच्या वर्षाअखेर बंड पेटलं, आणि १५६९ च्या जूनमध्ये गावाजवळच्या डोंगरावर मोठी लढाई होऊन इथलं बंड मोडलं. वाचलेल्यांना हाकलून बाहेरचे ख्रिस्ती लोक आणून वसवले. हाच फेलिपे १५८१ पासून पोर्तुगालचाही राजा, म्हणजे आपल्या गोव्याचाही धनी. आणि १६८४ साली आपल्याकडे कोकणीवर बंदी घालणारा पोर्तुगिजांचा हुकूम आठवतो ना? शेवटचे दोन फलक आम्ही न बोलता वाचले.

उतरल्यावर एल इंहेनियो बघा. वाड्यासारखी जुनी दणकट इमारत, आत उसाचा रस आटवून काकवी करतात. असा कारखाना युरोपात हा एकच उरला आहे. ऊस तिकडे नेला अरबांनी. माणसं गेली, ऊस राहिला. तिथे काकवीला 'मिएल दे कान्या', उसाचा मध, म्हणतात. मग कुठल्याही साध्या खानावळीत 'बेरेन्हेनास कोन मिएल' मागवा. ताटात येतात वांग्याचे काप! रवा नाही, तिखट नाही, वरून काकवीची धार. मला वाटलं होतं, गोड वांगं कोण खाणार? दोन ताटल्या संपवल्या.

काकवीची बाटली मोठ्या, चेक-इनच्या बॅगेत घाला. आम्ही हातातल्या पिशवीत ठेवली आणि विमानतळावर ती काढून घेतली, चूक आमचीच. आता ही घरी काप तळते, वरून आपली काकवी सोडते आणि माझ्या ताटात मिरपूड घालते. तिथे मिरपूड नव्हती, पण तक्रार नाही.