निकाल लागण्याआधी घर घेताना

घटस्फोटाचा खटला चालू असतानाच मी घर घेतलं. लेकीला घेऊन बहिणीच्या हॉलमध्ये किती दिवस झोपणार? पण पैसे देण्याआधी वकिलांना विचारलं, ते फार बरं झालं.

कारण कागदावर लग्न अजून असतंच. काही ठिकाणचा कायदा तोवर घेतलेली मालमत्ता दोघांची धरतो, खरेदीखतावर नाव एकट्याचं असलं तरी. कोर्टाने व्यवहारांना मनाई केली असेल, तर साठवलेले पैसे काढणंही अंगाशी येतं. तेव्हा आधी आदेश वाचून घ्या.

सगळ्यात जपायचा तो पैशाचा माग. आईने दिलेली रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवली, त्यात पगारही येऊ दिला नाही. आईचं बक्षीसपत्र, तिच्या खात्यातून आल्याची नोंद, विकणाऱ्याला दिलेल्या धनादेशाची प्रत, असे तिन्ही कागद एकामागे एक टाचून ठेवले. जोडीदार तयार असेल, तर ‘या घरावर माझा हक्क नाही’ हे वकिलांकरवी लेखी घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

कर्ज मागताना खटला लपवू नका. जुन्या कर्जावर तुमची सही असेल, तर तो हप्ताही बँक तुमच्याच माथी धरते. आणि न ठरलेली पोटगी उत्पन्नात मोजू नका. मी हप्ता फक्त पगारावर बसवला, एक खोली कमी घेतली.

ताबा मिळाला त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं. निकालाआधी मला काही झालं असतं, तर घराचा वाटा नवऱ्याकडे गेला असता.